बिऱ्हाडाचा खेळ

धाकटीनं थाळीवर पळी दणादण आपटली आणि उंबऱ्यातूनच ओरडली,

"चला, घर रिकामं करा! आत्ताच्या आत्ता! मी एक शब्द ऐकायची नाही!"

आतली सगळी पोरं आनंदानं किंचाळली. घरमालकीण आली होती.

"अगं बाई गं, आता काय करायचं?" थोरलीनं कपाळावर हात मारून घेतला. "एवढ्या कडाक्याच्या थंडीत लेकरंबाळं घेऊन जाऊ तरी कुठं?"

"ते तुमचं तुम्ही बघा, म्हातारे. मला दुसरे भाडेकरू मिळालेत."

"उचला रे बाबांनो," थोरली पोरांकडे वळून म्हणाली, "या बाईपुढं आपलं काही चालायचं नाही."

आणि बिऱ्हाड हललं. उशा निघाल्या, सतरंज्यांच्या वळकट्या निघाल्या, लाकडी ठोकळ्यांच्या पेट्या दोघादोघांनी दोन्हीकडून धरलेल्या निघाल्या. पुढच्या खोलीतून अंगणात, अंगणाला पुरता वळसा घालून मागच्या खोलीत. नळाखालचं पाणी रात्रीत गोठून टणक झालं होतं आणि पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. सगळ्यांत बारक्या पोराला थोरली पैलवान म्हणायची. तो आपल्याहून मोठी उशी डोक्यावर घेऊन चालला होता. उशीखाली त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि ते पाय वाट चुकून नळाकडे निघाले तेव्हा मागच्यानं त्याला खांद्याला धरून सरळ केलं.

नियम थोरलीचे होते आणि पोरांना ते पाठ होते. रिकाम्या हातानं कुणी चालायचं नाही. जड असेल ते दोघांनी धरायचं. वळणावर पळायचं नाही. आजीनं, म्हणजे थोरलीनं, काही उचललं की प्रत्येकानं काहीतरी उचलायचंच, मग ती एक चिंधी का असेना. सगळे बाहेर पडले की आजी उंबऱ्यावर उभी राहून विचारायची, "मागे काही राहिलं का?" त्यावर सगळ्यांनी घसा फुटेस्तोवर ओरडायचं, "नाही!" ते ऐकल्याशिवाय ती दार ओढून घेत नसे. मागच्या खोलीत पुन्हा सगळा संसार मांडायचा, गाणी-गोष्टी व्हायच्या, आणि दुपारी हातपाय आखडायला लागले की मालकीण पुन्हा थाळी बडवत हजर. बिऱ्हाड पुन्हा पुढच्या खोलीत. जागचं हलायचं नाही ते फक्त तीन गोष्टींनी. भिंतीवरच्या खुंट्यांनी, ठेंगण्या कपाटानं आणि थोरलीच्या वेताच्या खुर्चीनं.

त्या सकाळी मागच्या खोलीत सगळं मांडून झालं तेव्हा पोरांचे गाल लाल झाले होते आणि कानटोप्या आपोआप उतरल्या होत्या. थोरलीला दिवसातला हा क्षण फार आवडे. हीटर न लावता तापलेली खोली, असं ती म्हणायची.

"आजी, बटण," एक पोरगी मान उंच करून समोर उभी राहिली. तिच्या कोटाचं वरचं बटण रोज सुटायचं आणि ते थोरलीनंच लावावं लागायचं. म्हणून तिचं नावच बटण पडलं होतं. "आजी, आपण लांबच्या घरात कधी जायचं?"

"कुठल्या गं लांबच्या?"

"ते गरम घर."

"जाऊ हं. मालकीण हाकलेल तेव्हा जाऊ." थोरलीनं बटण काजात घातलं आणि तिच्या गालावर टिचकी मारली.

मागे धाकटी स्वेटरच्या बाहीनं थाळी पुसत होती. थाळीला पुसण्यासारखं काही लागलेलं नव्हतं.

या दोघी सख्ख्या जावा. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिच्या घराच्या पुढच्या आणि मागच्या खोलीत दोघींनी मिळून हा बालवर्ग थाटला होता. बिऱ्हाडाचा खेळ मात्र बालवर्गाहून जुना. तो जन्माला आला धाकटीच्या लेकीसाठी. ती पोर लहानपणी थंडी पडली की दुलईत जी शिरायची ती बाहेर यायचं नाव नको. खायची तिथंच, खेळायची तिथंच, पाय काड्यांसारखे झालेले. धाकटी तेव्हा नवखी आई, रडकुंडीला आलेली. एका सकाळी थोरली त्यांच्या घरी गेली, दुलईतल्या पोरीकडे बघून म्हणाली, "हे गाठोडं कुणाचं? मालकिणीनं घर सोडायला सांगितलंय, सामान हलवायचंय." आणि दुलईसकट तिला उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवली. पोर आधी किंचाळली, मग हसली, मग म्हणाली, माझी बाहुली आत राहिली. "मग जा, घेऊन ये," थोरली म्हणाली. त्या हिवाळ्यात ती पोर अख्खं घर रोज दोनदा इकडून तिकडे हलवायची. पाय भरले, भूक लागायला लागली. नाव मात्र गाठोडं पडलं ते पडलंच. आता ती चांगली मोठी बाई झाली होती, नोकरीत वर चढली होती आणि त्या नावाचा तिला राग यायचा. पण मोठ्या आईनं हाक मारली की ओ द्यायची.

थोरलीचा स्वभाव कुणाला भ्यायचा नव्हता, आणि कुणाचं ऐकून घ्यायचाही नव्हता. थंडीनं पोर आजारी पडत नाही, एका जागी बसून पडतं, हे तिचं ठाम मत. हिवाळ्याच्या सुरुवातीला काही आईबाप तक्रार घेऊन आले. त्यांत पुढं होते ते बँकेत काम करणारे एक वडील, पैलवानाचे.

"एवढ्या गारठ्यात मुलांना अंगणात काढायची गरज आहे का?" ते म्हणाले. "आमच्या ह्याचं नाक सारखं वाहतंय."

"नाक वाहतंय म्हणजे पोरगं धावतंय," थोरली म्हणाली. "माझ्याकडे यायच्या आधी ते सोफ्यावर उशीसारखं पडून असायचं. तेव्हा नाही आलात तक्रार घेऊन."

"हल्ली खोलीतल्या खोलीत व्यायामाची कितीतरी साधनं असतात, बाई. पडद्यावर बघून मुलं करतात."

"पडद्यावर बघून मुलं बघतात."

प्रकरण हातघाईवर आलं असतं. तेवढ्यात धाकटीनं तिचा दंड धरला. "जाऊबाई, तुम्ही आत जा बघू. तुमचा पारा चढलाय. मी बोलते त्यांच्याशी."

थोरली आत गेली आणि खिडकीतून बघत राहिली. धाकटी अंगणात त्या सगळ्यांशी बराच वेळ बोलली. हळू आवाजात, हात जोडून, मान हलवत. आईबाप एकेक करून शांत झाले. जाताना बँकवाल्यांनी चक्क खिडकीकडे बघून नमस्कार केला. त्यानंतर कुणी चकार शब्द काढला नाही.

"काय जादू केलीस गं?" थोरलीनं विचारलं होतं.

"काही नाही. समजावून सांगितलं."

थोरलीला इतकं भरून आलं की तिनं त्या आठवड्यात धाकटीसाठी लोकरीचे हातमोजे विणले. थाळी बडवताना पळी नीट धरता यावी म्हणून बोटांची टोकं उघडी ठेवलेले. धाकटीनं ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "कशाला डोळे फोडून घेतलेत जाऊबाई." आणि मान खाली घालून घातले.

थोरलीची दाढ दुखत होती, हेही खरं. पण दाढेसाठी सुट्टी घेणाऱ्यांतली ती नव्हती. लवंग धरायची, गालावर हात ठेवायची आणि बिऱ्हाड हलवायची. या वेळी धाकटी हट्टालाच पेटली.

"लेकीनं नंबर लावून ठेवलाय उद्याचा. तुम्ही जायचंच."

"आणि पोरांचं काय?"

"मी आहे ना. एक दिवस मालकीणही मीच आणि म्हातारीही मीच."

"तुला जमेल दोन्ही?"

"इतकी वर्षं बघतेय तुम्हाला," धाकटी म्हणाली. मग जवळ येऊन तिनं थोरलीच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, कान नीट झाकले, अगदी थोरली पोरांचे झाकायची तसे. "सावकाश या. दाढ काढली तर तिथंच थोडं बसा. घाई करू नका. नंबर दुपारचा आहे, पण तुम्ही आपलं सकाळीच जाऊन बसा, मधे कुणी आलं नाही तर घेतात."

हे शेवटचं वाक्य धाकटीच्याच अंगाशी येणार होतं. कारण खरोखरच मधलं कुणी आलं नाही आणि दातांच्या डॉक्टरांनी थोरलीला सकाळीच आत घेतलं. दाढ पुरती किडली होती. सुई टोचली, ओढाताण झाली, दाढ निघाली. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाताखाली दिला.

"आता बोलायचं नाही, बोळा दाबून धरायचा. अर्धं तोंड बधिर राहील, नंतर ठणकायला लागेल. घाबरू नका."

थोरलीनं मान हलवली. आरशात तिचा एक गाल लोंबत होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. तिला हसू आलं, तर तेही अर्धंच आलं. पोरांना दाखवायला हवं, तिच्या मनात आलं. दुपारचं बिऱ्हाड तरी गाठता येईल. धाकटीनं सावकाश या म्हटलं होतं, पण थोरली रुमाल तोंडाला लावून झपाझप निघाली.

बेकरीच्या अलीकडेच तिला थाळीचा आवाज ऐकू आला. ती थबकली. घर अजून दोन गल्ल्या लांब होतं.

मग वळणावरून पोरं आली. ओळीनं, एकामागे एक, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. उशा, वळकट्या, ठोकळ्यांच्या पेट्या, रंगांचे डबे. पुढं धाकटी, हातात थाळी-पळी, बोटं उघडी असलेले हातमोजे. बेकरीवाला दुकानाबाहेर येऊन कौतुकानं बघत होता.

थोरलीला आधी आनंदच झाला. अंगण सोडून धाकटीनं खेळ थेट रस्त्यावर काढला होता! हे आपल्याला कसं सुचलं नाही इतक्या वर्षांत? ती भिंतीला टेकून बघत राहिली. वळणावर कुणी पळालं नाही. पेट्या दोघादोघांनी धरल्या होत्या. रिकाम्या हातानं एकही पोर नव्हतं. पैलवान उशीखालून चालला होता आणि मागची पोरगी त्याला दिशा देत होती. थोरलीचा ऊर अगदी भरून आला.

मग बटण आली. तिच्या दोन्ही हातांत लाकडी पट्टी होती आणि पट्टीला खुंट्या होत्या.

खेळात खुंट्या भिंतीवरच राहत. त्या काढायच्या तर पेचकस लागतो. पट्टीच्या टोकांना भिंतीचा चुना अजून चिकटलेला होता.

बटणच्या मागून दोन बाप्ये ठेंगणं कपाट उचलून येत होते. त्यांच्या मागं बँकवाले, डोक्यावर वेताची खुर्ची उलटी घेऊन. त्यांनी थोरलीला पाहिलं आणि खुर्ची जरा पुढं ओढली, तोंडावर सावली येईल इतपत.

"आजी!" बटण ओरडली. "आजी आली! आजी, आपण खरंखरं बिऱ्हाड हलवतोय!"

धाकटी वळली. पळी थाळीच्या वरच थांबली.

बोलली ती बटणच. तिनं थोरलीच्या हातांकडे पाहिलं आणि भुवया चढवल्या. "आजी, तू रिकामी!" तिनं पुढच्या मुलाच्या काखेतली एक उशी ओढून घेतली आणि थोरलीच्या हातात कोंबली. मग ओळ पुढं निघाली, कारण थंडीत ओळ थांबवायची नाही हेही पोरांना थोरलीनंच शिकवलं होतं. ती उशी छातीशी धरून थोरली त्या ओळीत चालू लागली. दुसरं काय करावं ते तिला कळेना.

लांबचं गरम घर फार लांब नव्हतं. नव्या इमारतीचा तळमजला, काचेचं दार, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत मऊ गालिचा. आत शिरताच ऊब अंगावर आली. समोरच्या भिंतीवर भलामोठा पडदा होता. गाठोडं बिनबाह्यांच्या कपड्यांत उभी राहून, सामान कुठं ठेवायचं ते माणसांना दाखवत होती. पोरांनी कोट काढून टाकले होते आणि कोटांचा ढीग कोपऱ्यात पडला होता.

"मोठी आई!" तिचा आवाज चिरकला. "तू... तुझा नंबर तर दुपारचा होता."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. हिचे पाय. हिचे हेच पाय.

"आम्ही संध्याकाळी येऊन सांगणार होतो तुला. नीट बसून. मी जागा घेतलीय, आईच्या नावावर. तुला कसलाच त्रास नको म्हणून. तुझं वय झालंय, गुडघे दुखतात..."

थोरलीचे गुडघे दुखत नव्हते. दाढ दुखत होती, आणि तीही आता नव्हती.

धाकटी जवळ आली. तिच्या हातात अजून थाळी होती. "जाऊबाई, मी सांगणार होते. अगदी जिवावर आलं होतं. तुम्ही ऐकलंच नसतं. सगळे आईबाप मुलांना काढून घेणार होते. त्या दिवशी अंगणात मी त्यांना गरम जागेचा शब्द दिला म्हणून ही पोरं इतके दिवस तरी टिकली."

म्हणजे ती जादू ही होती. ते हात जोडणं, ती हलणारी मान, तो खिडकीकडे बघून केलेला नमस्कार. थोरलीनं खिडकीआड उभं राहून ज्याला जय समजलं होतं, तो तिचा सौदा होता. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. बटणलासुद्धा. आणि ज्या बाईनं काल तिचे कान इतक्या मायेनं मफलरनं झाकले, तिनंच केसानं गळा कापला होता.

"तू," ती म्हणाली. निदान तिला तसं म्हणायचं होतं. पण बधिर ओठातून "हू" असा काहीतरी फुसका आवाज आला आणि हनुवटीवर लाळेचा ओघळ आला.

पोरं खदखदून हसली. "आजी बोबडी झाली! आजी, परत बोल! परत!"

थोरलीनं रुमालानं तोंड पुसलं. घरी असती तर तिनं स्वतःच पोरांना असं बोलून दाखवलं असतं आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली असती.

"इतकी वर्षं," धाकटी एकदम म्हणाली, "इतकी वर्षं पोरांना हाकलणारी मी, आणि पोटाशी धरणाऱ्या तुम्ही. एकदा तरी म्हणालात का, आज तू आजी हो म्हणून? मी कधी काही बोलले नाही. मला पण वाटतं, पोरांनी माझ्याकडे बटण लावायला यावं."

थोरलीनं मान वर केली. हे तिला कधी सुचलंच नव्हतं. सुचलं नव्हतं हे खरं, पण त्यानं राग कमी झाला नाही. मागितलं असतं तर दिलं असतं, तिच्या मनात आलं. मागायचं होतंस. चोरायचं कशाला?

"तुझी जागा ठेवलीय गं," गाठोडं मधे पडली. खिडकीपाशी बँकवाल्यांनी वेताची खुर्ची आणून ठेवली होती, खाली छोटी सतरंजी, बाजूला पाण्याचा तांब्या. "तू रोज यायचंस. इथं बसायचं, मुलं तुला दिसतील. काही करायचं नाही, नुसतं आरामात बसायचं."

बसायचं.

थोरलीनं ती खुर्ची पाहिली. तिनं हातातली उशी हळूच खाली ठेवली. मग खुर्चीपाशी गेली, दोन्ही हातांनी ती धरली आणि उचलली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. पण पोरांना कळलं. आजीनं काही उचललं होतं.

"चला!" पैलवान ओरडला आणि त्यानं आपली उशी पुन्हा डोक्यावर घेतली. "परत बिऱ्हाड! परत बिऱ्हाड!" एकीनं वळकटी काखोटीला मारली, दोघांनी ठोकळ्यांची पेटी दोन्हीकडून धरली, कुणी रंगांचा डबा, कुणी नुसताच स्वतःचा कोट. बटणनं खुंट्यांची पट्टी छातीशी घेतली आणि थोरलीच्या मागं पहिली येऊन उभी राहिली. बघता बघता दारापर्यंत ओळ लागली. सरळ, शिस्तीची, सगळी भरलेल्या हातांची.

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला ठाऊक होतं, एक पाऊल थोरलीनं बाहेर टाकलं की ही पोरं तिच्या मागं पार त्या अंगणापर्यंत जातील, आणि मग थाळी बडवून उपयोग नाही. थोरलीलाही ते ठाऊक होतं. तिनं ओळीवरून नजर फिरवली. कोट न घातलेली पोरं, लाल गाल, चमकणारे डोळे. तिच्या छातीत इतकी ऊब दाटली की बाहेरच्या थंडीची तिला आठवणच राहिली नाही. पण पोरांच्या अंगावर कोट नव्हते. आधी कोट घालायला सांगायला हवं. ती खुर्ची धरून तशीच थांबली आणि जड जिभेनं शब्द जुळवू लागली.

"आई, लाव ना," गाठोडं दबक्या आवाजात म्हणाली. धाकटी हलली नाही. मग लेकीनंच हात लांब करून कळ दाबली.

भिंतभर एक हत्ती उमटला. त्यानं सोंड हलवली, दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, चला मुलांनो, माझ्याबरोबर उड्या मारा! ढोल वाजायला लागला.

आधी मान वळली ती ओळीतल्या शेवटच्या मुलाची. मग त्याच्या पुढचीची. पेटी धरणाऱ्या दोघांपैकी एकानं हात सोडला आणि पेटी गालिच्यावर आवाज न करता टेकली. वळकटी सुटली. पैलवानानं डोक्यावरची उशी काढली, खाली टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसला, सोफ्यावर बसायचा तसा. हत्ती उड्या मारत होता. पोरं त्याला बघत होती.

बटण सगळ्यांत शेवटपर्यंत उभी होती. पट्टी तिच्या हातात होती, पण मान मागे होती, आणि हळूहळू पावलंही मानेच्या दिशेनं वळली. तिच्या अंगात कोट नव्हता. इथं बटण लावायची गरजच नव्हती.

थोरलीनं कुणाला हाक मारली नाही. मारली असती तरी ती बोबडी निघाली असती. खुर्ची कमरेवर तोलून ती काचेच्या दाराशी आली. धाकटीनं थाळी खाली ठेवली होती आणि हातातले मोजे एकेका बोटानं ओढून काढत होती, जसं काही ते तिच्या कातडीलाच चिकटले होते. ती काहीतरी म्हणायला पुढं झाली, आणि थोरलीचे डोळे पाहून थांबली.

उंबऱ्यावर थोरलीचे पाय थांबले. इतक्या वर्षांची सवय. तोंड आपसूक उघडलं.

"मागे काही राहिलं का?"

अर्धे शब्द गालातच राहिले, पण चाल तीच होती. पोरांनी ती ओळखली.

"नाही!" सगळी एका आवाजात ओरडली. हत्तीवरून नजर कुणाचीच हलली नाही.

तेव्हा नियमाप्रमाणं थोरलीनं दार ओढून घेतलं.